वेणी कोणी घातली?

११ मार्च, मंगळवार. सकाळी गच्चीवर अंथरुणावर घालायची रबराची शीट घासत होते. आधी साध्या पाण्याने, मग साबणाने, मग पुन्हा साध्या पाण्याने, आणि शेवटी उन्हात दोरीवर पसरून टाकायची. सावलीत वाळवली तर वास जात नाही. हे काम माझं रोजचंच. पण त्या दिवशी हात जरा जोरात चालत होता, कारण दुपारी महापालिकेतून बाई येणार होत्या. आमचं घर बघायला, आणि ताईंना बघायला.

ताई म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. वय साठीच्या पुढे, समज पाच-सहा वर्षांच्या मुलीइतकी, असं डॉक्टर सांगतात. जन्मापासूनच तशा आहेत. पूर्वी निदान घरातल्या घरात हिंडत्या-फिरत्या होत्या. गेल्या दिवाळीच्या सुमारास बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून धरल्याशिवाय त्यांना उभं राहता येत नाही. आंघोळ, संडास, जेवण, कपडे, सगळं दुसऱ्याने करावं लागतं. नवरा हडपसरच्या कंपनीत शिफ्टला जातो. धायरीहून तिथे पोचण्यातच त्याचा निम्मा जीव जातो. मुलगी लग्न होऊन परगावी. राहिले मी.

मी एका कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये असिस्टंट आहे. ताई पडल्यापासून बिनपगारी रजेवर होते. फेब्रुवारीत आमच्या विभागप्रमुखांचा फोन आला. प्रॅक्टिकल परीक्षा तोंडावर आल्या आहेत, मार्चअखेरपर्यंत मी हजर झाले नाही तर कंत्राटावर दुसरं माणूस घ्यावं लागेल. भले गृहस्थ आहेत. "मॅडम, मी थोपवून किती दिवस थोपवणार?" म्हणाले. त्यांचं काही चुकत नव्हतं.

सकाळी येऊन दुपारपर्यंत ताईंचं सगळं करतील अशा एक मावशी मी बघून ठेवल्या होत्या. पण माझा पगार येईल तसाच उचलून त्यांच्या हातावर ठेवायचा, मग नोकरी करायची कशाला, असं नवऱ्याचं म्हणणं. तेही बिनचूक होतं. मात्र मला ती लॅब हवी होती. तिथे बाटली जिथे ठेवावी तिथेच दुसऱ्या दिवशी सापडते. कोणी हाक मारत नाही. चार महिन्यांत मला कळलं होतं की माझ्या डोक्याला अशी एखादी खोली लागते.

तेव्हा महापालिकेची एक योजना कानावर आली. ज्या दिव्यांग माणसाचं सगळं घरच्याच कोणाला करावं लागतं, त्याची काळजी घेणाऱ्याला दरमहा मदत मिळते. मोठी रक्कम नाही, पण मावशींच्या पगाराचा बराचसा भार उचलला गेला असता आणि माझी नोकरी टिकली असती. अट एकच. ते माणूस 'संपूर्ण परावलंबी' आहे असा शेरा पडायला हवा. 'अंशतः परावलंबी' असा पडला, तर डॉक्टरांकडे फेरतपासणी, आणि त्यात दोन-तीन महिने सहज जाणार. दोन-तीन महिने माझ्याकडे नव्हते.

नवऱ्याला आधी ते रुचलं नाही. "आपल्या घरच्या माणसासाठी सरकारपुढे हात पसरायचा?"

"हात मी पसरते. तुमचे तुम्ही खिशात ठेवा," मी म्हटलं. 

वॉर्ड ऑफिसात टेबलामागच्या साहेबांनी माझा अर्ज उलटसुलट करून बघितला.

"काळजी घेणारी व्यक्ती म्हणजे कोण? नर्स?"

"मी."

"पगारी?"

"घरची."

"मग बिनपगारी लिहू?"

"लिहा. घरात तेच पद आहे."

ते हसले. "आमच्या मिसेसपण हेच म्हणतात," म्हणाले, आणि शिक्का मारला. पुढच्या आठवड्यात घरी पाहणीला बाई येतील, असं त्यांनी सांगितलं. ती पाहणी म्हणजे हा मंगळवार.

मी शीट झटकत होते तेवढ्यात तळमजल्यावरच्या काकी सुपात डाळ घेऊन वर आल्या. आमची सोसायटी उभी आहे ते रान पूर्वी त्यांचंच. त्यांचे मालक पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले आहेत आणि ही मदत काकींना आधीपासून मिळते. त्यामुळे या विषयातल्या त्या माझ्या सीनियर.

"वहिनी, आज येणार ना त्या बाई?"

"हो, दुपारी."

"मग हे धूत काय बसलाय? ऱ्हाऊ द्या की तसंच. त्यांनाबी कळू द्या घरात काय चाललंय ते."

"काकी, वास मारतो."

"मग मारू द्या! आमच्या टायमाला मी येडीनं काय केलं, मालकांची दाढी केली, पांढरा सदरा घातला, डोक्यावर टोपी दिली. बाईनं इचारलं, काका, आंघोळ कोन घालतं? तर म्हनले, मीच करतो की, मला काय धाड भरलीय! अहो, कुशीवर वळत न्हाय मानूस. पर परक्या बाईनं इचारल्यावर कसा सांगंल? झालं. 'अंशतः' लिवून गेली ती. तिचा काय दोष?"

"मग?"

"मग काय, परत अर्ज. त्या टायमाला म्हनलं, मालक, तुम्ही निस्तं डोळं मिटून पडा. बोलायचं काम माझं. लगीच मंजूर." डाळ पसरता पसरता त्यांनी माझ्याकडे बघितलं. "पेशंट पेशंटवानी दिसाया पाहिजे, वहिनी."

"मी घाण ठेवणार नाही, काकी. जे आहे ते तोंडाने सांगेन. खरं तेच तर सांगायचंय."

"सांगा," काकी म्हणाल्या. "पर कमी सांगू नका."

खाली येताना मला काकींची थोडी कीव आली होती, हे लिहून ठेवते. आपल्या माणसाला मुद्दाम गबाळं ठेवून मदत मिळवायची, हे मला जमण्यातलं नव्हतं. ताईंच्या बाबतीत तर नाहीच. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "तिला अगंतुगं केलंस तरी चालेल, तिला काय समजतंय." मी कधीच केलं नाही. पहिल्या दिवसापासून 'अहो ताई' आणि 'तुम्ही'. पाहुणे आले की सासूबाई त्यांना आतल्या खोलीत बसवून दार ओढून घ्यायच्या. सासूबाई वारल्यानंतर मी पहिलं काम केलं ते म्हणजे ताईंची खुर्ची हॉलमध्ये आणली, खिडकीपाशी. येईल-जाईल त्याच्याशी ओळख करून देते, "या आमच्या मोठ्या वन्सं." आमच्याकडे लपवाछपवी नाही, या गोष्टीचा मला अभिमान होता. नातेवाइकांमध्ये मी तो बोलूनही दाखवत असे.

ताईंना आंघोळ घातली, धुतलेला गाऊन घातला, पावडर लावली. "आज पाहुण्या येणार आहेत," असं सांगितल्यावर त्यांनी लगेच हात पुढे केला. कंगवा हवा होता.

त्यांची वेणी ही स्वतंत्र गोष्ट आहे. सासूबाईंनी कधीतरी चिकाटीने शिकवली असणार. ताईंना शर्टाचं बटण लावता येत नाही, पाच रुपयांचं नाणं कोणतं ते सांगता येत नाही, पण आपली वेणी त्या आपण घालतात. सगळी सकाळ जाते त्यात. कधी एक पेड हातातून सुटतो, मग पहिल्यापासून. वेणी होते तीही सरळ नाही. डाव्या कानाकडे कललेली, वर घट्ट, खाली सैल. शेवटी लाल रिबीन, तिची गाठ मात्र मी मारायची. तेवढीच परवानगी. हॉस्पिटलमध्ये एका सिस्टरने घाईत त्यांचे केस बांधायला घेतले, तर एवढा आरडाओरडा केला की शेजारच्या कॉटवरच्या बाई उठून बसल्या. "मी! मी!" हा एकच शब्द.

त्या दिवशी वेणी जमून आली होती. गाठ मारून झाल्यावर त्यांनी ती खांद्यावरून पुढे घेतली आणि दाराकडे बघत बसल्या.

बाई वेळेवर आल्या. माझ्या मुलीएवढ्याच असतील. स्कूटर खाली लावून, हेल्मेट हातात घेऊन जिना चढून आल्या, चपला बाहेर काढल्या आणि दारातूनच विचारलं, "नमस्कार. येऊ ना?"

"या. बसा," ताई म्हणाल्या.

"अरे वा," बाई हसून म्हणाल्या. ताईंच्या खुर्चीशेजारी वाकून त्यांनी नमस्कार केला, मग माझ्यासमोर बसल्या. पाणी घेतलं. पिशवीतून टॅब काढला. मला सगळं नीट समजावून सांगितलं. कोणत्या कामाला मदत लागते ते एकेक करून विचारणार, त्यात स्वतःची निगा हा भाग महत्त्वाचा, तिथे एखादं काम व्यक्ती स्वतः करते असं आलं तर 'अंशतः' लिहावं लागतं, फेरतपासणी होते, घाबरण्यासारखं त्यात काही नसतं. मी मान डोलावली. हे सगळं मला पाठ होतं.

मग त्या जरा पुढे झुकल्या. "मॅडम, काही प्रश्न थोडे खासगी आहेत. आपण गॅलरीत बसून बोलूया का? ताईंशी मी नंतर वेगळं बोलते."

"इथेच विचारा की," मी म्हटलं. "आमच्याकडे आत-बाहेर असं काही नाही. आणि त्यांना काय कळतंय."

हे मी अगदी सहज बोलले. चहात साखर किती, हे विचारावं तितक्या सहज. वाक्य कोणाचं होतं ते तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही.

बाईंनी एकदा ताईंकडे बघितलं, मग विचारायला लागल्या.

मी उत्तरं चोख दिली. विद्यापीठाकडून परीक्षक येतात तेव्हा मी लॅबमधल्या एकेका उपकरणाची स्थिती सांगते, हे फुटलंय, हे गळतंय, याचा काटा चालत नाही, तशी. आंघोळ? पूर्ण मला घालावी लागते. संडास? खुर्ची लावते, नंतर धुते. कळतं का लागल्याचं? कधी कळतं, कधी होऊन गेल्यावर सांगतात. रात्री? डायपर, तरीही शीट रोज धुवावी लागते, आज सकाळीच धुतली. जेवण? भरवावं लागतं, सांडतात, कधी तोंडात घास धरून बसतात, मग ओरडावं लागतं. पाळी? ती गेली आता, पण होती तेव्हा... असं म्हणून मी तेही सांगितलं. त्यांनी ते विचारलंही नव्हतं. काकींचं 'कमी सांगू नका' डोक्यात बसलं असेल, किंवा चार महिन्यांत मला कोणी काही विचारलंच नव्हतं म्हणून असेल. कोणीतरी ऐकून घेतंय म्हटल्यावर मी थांबेचना.

ताई ऐकत होत्या. डायपरचं बोलणं निघालं तेव्हा त्यांनी गाऊन गुडघ्यावरून खाली ओढला. तो खालीच होता. मी हे बघितलं. बघितलं आणि पुढचं उत्तर दिलं.

"दात घासणं, केस विंचरणं, यातलं काही स्वतः करतात?"

"दात मीच घासते."

बाईंची नजर ताईंकडे गेली. त्यांना वाईट वाटू नये म्हणून असेल, त्यांनी एकदम ताईंनाच विचारलं, "वेणी किती छान दिसतेय तुमची! कोणी घातली?"

ताईंना बोलायला वेळ लागतो. आधी हनुवटी हलते, मग ओठ उघडतात, मग शब्द येतो. आम्ही घरचे थांबतो. मी इतकी वर्षं थांबत आले आहे. त्यांचे ओठ उघडले, आणि शब्द येण्याच्या आत मी म्हणाले, "मीच घालते. त्यांना नाही जमत."

बाईंनी टॅबवर बोट टेकवलं.

ताईंनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. राग आला असता तर मी तो सहन केला असता, मला सवय आहे. त्या आठवायचा प्रयत्न करत होत्या. वैनी म्हणते म्हणजे तसंच असणार, मग वैनीने कधी घातली बरं वेणी, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मग ओठ मिटले. त्यांनी वेणी खांद्यावरून मागे टाकली.

आणि माझ्या मनात त्या क्षणी काय आलं असेल? ही वाकडी वेणी आता माझ्या नावावर गेली, या बाईंना वाटेल हिला धड वेणीसुद्धा घालता येत नाही. हे आलं.

पुढे फार काही उरलं नव्हतं. बाईंनी ताईंना दोन-चार गोष्टी विचारल्या, खायला काय आवडतं, टीव्ही बघता का. ताई गप्प. माणसांत असताना त्या कधी इतक्या गप्प बसत नाहीत. बाईंना ते त्यांच्या आजारातलंच वाटलं असणार. टॅब बंद करून त्या म्हणाल्या, "मी शिफारस करते, मॅडम. सगळं व्यवस्थित आहे, होऊन जाईल. तुम्हीसुद्धा स्वतःकडे बघा हं. घरी काळजी घेणाऱ्यांची वॉर्डात महिन्यातून एकदा बैठक असते, तिथे या. बोलल्यावर बरं वाटतं."

"बैठकीला येताना यांना कोणाकडे ठेवू?"

"हाच प्रश्न सगळे विचारतात," त्या म्हणाल्या आणि मोकळेपणाने हसल्या. मीही हसले. जाताना त्यांनी पुन्हा ताईंना नमस्कार केला. ताई खिडकीबाहेर बघत होत्या.

दार लावलं आणि मी सरळ स्वयंपाकघरात जाऊन नवऱ्याला फोन केला. "झालं. शिफारस करतायत." तिकडे मशिनच्या आवाजात तो ओरडून काय म्हणाला ते कळलं नाही, पण खूश होता. मी चहा टाकला. लॅबच्या कपाटांच्या किल्ल्या कोणाकडे असतील याचा विचारसुद्धा करायला लागले.

चहा घेऊन हॉलमध्ये आले, तर ताईंनी रिबीन ओढून काढली होती आणि केस मोकळे सोडले होते. हात मांडीवर. कंगवा जमिनीवर.

"हे काय? पाहुण्या गेल्या म्हणून लगेच सोडायची का वेणी?"

हनुवटी हलली, ओठ उघडले. या वेळी मी थांबले.

"नाही जमत," ताई म्हणाल्या.

मला आधी हसूच आलं. "अहो, रोज घालता की! सकाळीच नाही का घातलीत?" कंगवा उचलून, पुसून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो माझ्याकडे परत केला.

"वैनी घालते. मला नाही जमत."

शब्द माझे होते, आवाजसुद्धा माझाच होता, दुसऱ्यासमोर बोलताना मी लावते तो. ताईंना आयुष्यभर लोकांनी सांगितलेलं आहे, तुला हे येतं, तुला ते येत नाही, इथे बस, इथे बोलू नकोस. सांगितलेलं ऐकायचं, एवढं त्यांना पक्कं येतं. मी पाहुण्यांसमोर सांगितलं की वेणी त्यांना जमत नाही. त्यांनी ऐकलं.

मग मी बरेच उद्योग केले. बटाटे उकडत ठेवून आले आणि त्यांच्यासमोर स्टुलावर बसून माझे स्वतःचे केस सोडले. म्हटलं, मुद्दाम चुकीची वेणी घालते, त्या सुधारतील. लॅबमध्ये मी मुलांबरोबर ही युक्ती वापरते. चुकीची नळी लावली की एखादा तरी ओरडतोच. मी दोनच पेड घेऊन एकमेकांत गुंडाळले आणि म्हटलं, "दाखवा बरं, कुठे चुकलं?" ताईंनी त्या गुंडाळीला हात लावून बघितला.

"छान," म्हणाल्या.

संध्याकाळी नवरा पेढे घेऊन आला. जेवताना मी त्याला झालेलं सांगितलं.  तो म्हणाला, "अगं, मग कळवून टाक ना त्यांना. ते एक चुकून सांगितलं म्हणावं."

"आणि 'अंशतः' पडलं तर?"

त्याने भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही.

"बाकीचं सगळं खरं होतं ना?" त्याने विचारलं.

"सगळं खरं होतं."

"मग?"

 खरं सांगायचं तर खोट्यापेक्षा मला त्या खऱ्याचीच जास्त लाज वाटत होती. शीट, डायपर, तोंडात धरलेला घास, सगळं खरं. ते मी ताईंच्या तोंडावर, चहा-पाण्याच्या गप्पा माराव्यात तशा मोठ्या आवाजात, परक्या मुलीला सांगितलं होतं. सासूबाई दार ओढून घ्यायच्या ते लोकलाजेपोटी, हे मी इतकी वर्षं धरून चालले होते. ते असेलही. पण त्या दाराआड ताईंबद्दल त्यांच्यासमोर कोणी असं बोलत नव्हतं. मी दार उघडलं आणि त्याचं कौतुक करून घेतलं. उघड्या दारात माणूस बसलेलं आहे, त्याला कान आहेत, हे मात्र मी धरलंच नव्हतं. त्या मुलीच्या ते लक्षात आलं होतं, म्हणून ती गॅलरीत चला म्हणाली. अंगणवाडीच्या वयाच्या मुलालासुद्धा कोणी असं उघडं पाडत नाही.

"उद्या बघू," मी म्हटलं आणि ताटं उचलली. कळवायचं नाही हे तेव्हाच ठरलं होतं, आम्हा दोघांचंही. ते आम्ही एकमेकांना बोलून दाखवलं नाही, इतकंच. नवऱ्याने ताईंना पेढा भरवला. त्यांनी खाल्ला. तोंडात धरून ठेवला नाही, लगेच गिळला, आणि माझ्याकडे बघितलं. तेवढं बघणं मला पुरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखं पाणी तापवलं, ताईंना आंघोळ घातली, खिडकीपाशी बसवलं. कंगवा त्यांच्या मांडीवर ठेवून मी मुद्दाम आत गेले आणि डबे पुसत बसले. बऱ्याच वेळाने बाहेर येऊन पाहिलं. कंगवा तिथेच होता. मला बघून त्यांनी तो उचलला आणि माझ्यापुढे धरला.

मी घेतला. लग्न होऊन आल्यापासून ताईंच्या केसांना मी कधी हात लावला नव्हता, न्हाऊ घालताना आणि रिबिनीची गाठ मारताना लागेल तेवढा सोडून. मागे उभी राहून तीन पेड घेतले आणि वेणी घातली, घट्ट, सरळ पाठीवर. दोन मिनिटांचं काम. गाठ मारली आणि लांबून बघितलं. डोक्याच्या मागे उजव्या बाजूला, हॉस्पिटलात पडून पडून केस गेले होते तिथे, रुपयाएवढी जागा मोकळी दिसत होती. न्हाऊ घालताना साबणाच्या फेसात ती कधी माझ्या लक्षात आली नव्हती. ताई वेणी डाव्या कानाकडे ओढून घेत, तेव्हा वरचे केस तिच्यावर येत होते.

मी वेणी सोडली. पुन्हा विंचरले आणि डाव्या कानाकडे कलती वेणी घातली. वर घट्ट, खाली सैल. ताई हलल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. झाल्यावर मागे हात नेऊन त्यांनी चाचपून बघितलं आणि हात पुन्हा मांडीवर ठेवला.

मग मावशींना फोन केला. सोमवारपासून या म्हटलं. आंघोळीचं पाणी, गोळ्या, खुर्ची कशी लावायची, सगळं सांगितलं. "आणि केस विंचरून झाले की..." असं त्या म्हणायला लागल्या, तेव्हा त्यांना थांबवलं. म्हटलं, "केसांना तुम्ही हात लावायचा नाही. कंगवा त्यांच्या हातात द्यायचा आणि थांबायचं. त्यांनी परत दिला तर ठेवून द्या, मी दुपारी येऊन बघेन. पण रोज द्या. आणि त्यांच्यादेखत कोणाला त्यांच्याबद्दल काही सांगू नका."

"बरं," मावशी म्हणाल्या. "तुमच्या ताईंना समजतं का सगळं?"

मी फोन घेऊन गॅलरीत गेले, दार लावून घेतलं आणि मग "हो" म्हटलं.

त्यानंतर कॉलेजला फोन करून सोमवारी हजर होते म्हणून सांगितलं.